केबल नसलेली मोटर

अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, मे महिन्यात, आमच्या मशीन लॅबमधली थ्री-फेज मोटर सुरू झाली नाही. कॉलेज गोंदियाच्या बाहेर, शाखा इलेक्ट्रिकल.

त्या मोटरला दसऱ्याला हार घालत. एरवी ती प्लास्टिकच्या कव्हरखाली असे. प्रयोगाची रीडिंग आम्ही वरच्या वर्गाकडून उतरवून घ्यायचो, त्यांनी ती त्यांच्या वरच्यांकडून घेतलेली असायची. शिक्षक सही करत आणि अक्षराला गुण देत.

नागपूरहून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी गाठायची होती. एकेक व्याख्या विचारून ते मुलांना सोडत होते. माझ्या आधी नवेगाव बांधची वर्गमैत्रीण होती. तिला तिरोड्याला एका कंत्राटदाराकडे नोकरी लागली होती. अट एकच, सगळे विषय पास. परीक्षक तिला सहज म्हणाले, "मोटर चालवून दाखवा."

तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"लाइट गेली," विभागप्रमुख म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

ती पॅनेलच्या मागे वाकली.

"कायले तिथं घुसून राहिली व?" लॅब असिस्टंट ओरडला.

"काका, केबलच नाही ना इथं!"

केबल यायच्या भोकात कोळ्याचं जाळं होतं. हे चार वर्षांत ना शिक्षकांना दिसलं, ना आम्हा भावी अभियंत्यांना.

मागून एक जण कुजबुजला, "चूप ऱ्हाय ना व. सबको लेके डूबेगी."

"मॅडम, तुम्हाला इंजिनियर व्हायचंय की वायरमन?" विभागप्रमुखांनी विचारलं. वर्ग हसला. परीक्षकही हसले, मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सर, बाजूच्या बोर्डावरून जोडून देते. लगेच होईल."

"राहू द्या. नेक्स्ट."

मला त्यांनी मोटरच्या स्लिपची, म्हणजे वेगातल्या फरकाची, व्याख्या विचारली. मी पाठ म्हटली.

निकालात त्या प्रात्यक्षिकात आम्ही सगळे पास होतो. तिच्या नावापुढे 'गैरहजर' होतं. ती विभागप्रमुखांना भेटली. "हजेरीपत्रकावर तुमची सही दिसत नाही," ते म्हणाले. कंत्राटदाराने जुलैपर्यंत वाट पाहिली. मग ती जागा आमच्याच वर्गातल्या एकाला मिळाली.

तिने ते प्रात्यक्षिक हिवाळी परीक्षेत पुन्हा दिलं. परीक्षा तोंडी झाली.