जंगलवाटेवरची सायकल

सायकल घरी आणली त्या दिवशी मी ती अंगणात उभी केली आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेर दाखवायला लागलो. पुढं दोन दातेरी चाकं, मागं नऊ, म्हणजे जोड्या जमवून एकूण अठरा गेर. टायर बोटभर जास्त रुंद, त्यावर खाचा. दुकानदारानं तिला ग्रॅव्हल बाइक म्हटलं होतं, मुरूम-खडीच्या रस्त्यासाठीच बनवलेली. आबांनी घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि एवढंच विचारलं, "अन् मोटारसायकल?"

"विकली, आबा."

ते मेंढरांकडं निघून गेले.

मोटारसायकल मी पहिल्या नोकरीत घेतली होती. सेनगावच्या एका कॉलेजात मी ग्रंथालयात काम करतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. ती गाडी दारात आली तेव्हा हार आबांनी स्वतः घातला होता. पुढं एका हंगामात सोयाबीनची पोती भरलेल्या पिकअपनं मला सडकेवरून खाली ढकललं. मी नालीत पडलो, कोपर प्लास्टरमध्ये गेलं. कोपर बरं झालं, पण मागून हॉर्न वाजला की मी गाडी कडेला घेऊन मागं बघत राहायचो. माणसं लटकलेल्या जिपा, टिपर, पिकअप, सगळ्यांना माझ्या पुढंच जायचं असायचं.

सेनगावला जायला आणखी एक वाट होती. सडक टेकडीला वळसा घालून जाते. ही वाट जंगलातून सरळ कापत जाते. साग, पळस, धावडा, मधे एक दगडधोंड्यांचा ओढा, मग खडी चढण आणि वर जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून वन खात्यानं झाडं काढून मोकळा ठेवलेला मुरमाचा पट्टा. मोटारसायकल त्या ओढ्यातून जात नाही. सायकल उचलून खांद्यावर घेता येते.

ती वाट मला पाठ होती. हायस्कूलला मी त्याच वाटेनं चालत जायचो. त्या सगळ्या वर्षांत आबा मेंढरं नेमकी त्याच बाजूच्या माळावर न्यायचे. चारा पलीकडं जास्त असला तरी इकडंच. सकाळी जाताना ते दिसायचे, संध्याकाळी येतानाही दिसायचे. जंगलात मी एकटा पडू नये म्हणून ते तसं करत होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

सुरुवातीला जंगलानं मला चांगलंच शिकवलं. सैल मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर जातो. जो दगड चुकवायचा, त्याच्याकडं बघत राहिलं की चाक नेमकं त्यावरच जातं. नजर मोकळ्या जागेवर ठेवावी लागते. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की खडीवर चाक उधळत नाही. हे सगळं मी पडून-झडून शिकलो. ओढ्यापलीकडची चढण मात्र जमत नव्हती. अर्ध्यात पाय टेकायचाच. मग मी एकेक झाड खुणेला धरून ठरवायला लागलो. आज त्या वाकड्या धावड्यापर्यंत. तो जमला की पुढच्या सागापर्यंत. दम लागायचा, मांड्या भरून यायच्या, पण हॉर्न नव्हता. टायरखाली मुरमाची करकर आणि माझा श्वास, बाकी काही नाही. कधी वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, उभा दिसायचा, माझ्याकडं बघून सावकाश झाडीत जायचा. मागं वळून बघायची सवय सुटली होती.

त्रास गावात होता. आमच्या फाट्यावर चहाचं एक हॉटेल आहे. मेंढरं वाड्यात कोंडली की आबा तिथं जाऊन बसायचे. तिथल्या एका शेजाऱ्यानं, ज्याची जीभ कधी आत राहत नाही, सुरू केलं, "काय आबा, पोराची गाडी हप्त्यात ओढून नेली का?" दुसऱ्या दिवशी, "नोकरी हाय का तीबी गेली?" नोकरीवाला माणूस सायकलवर दिसला म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, हा आमच्याकडचा सरळ हिशेब.

मायनं मला सांगितलं, "तुह्यापायी त्यांनी हॉटेलात बसनं सोडलं बघ."

मी आबांशी बोलायला गेलो. ते मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "आमी जलमभर पायी हिंडलो. तुला कॉलेज शिकवलं ते गाडीवर बसावं म्हनून. अन् तू खाली उतरून राहिला. काहून?"

भीतीचं मला सांगता आलं नाही. माझं सगळं शिक्षण ज्यांच्या पायांवर झालं, त्यांच्यासमोर नाही म्हणणं सोपं नव्हतं. तरी म्हणालो, "आबा, सायकल मी सोडणार न्हाई."

"नको सोडू," ते म्हणाले. पण त्यानंतर मी जाताना ते अंगणात थांबेनासे झाले. वाटेत दुरून मेंढरं दिसली तरी आबा पाठ करून उभे असायचे. मला वाईट वाटायचं, तरी मी पायडल मारत राहायचो. सडकेवर परत गेलो तर त्यांचा मान राहील, पण मी पुन्हा रोज घाबरत घरी येईन, हे मला पक्कं माहीत होतं.

थंडीतल्या एका संध्याकाळी कॉलेजातून निघालो. येताना तीच चढण उतार होते आणि ओढ्याच्या अलीकडं, गावाच्या बाजूला, दुसरी एक चढण लागते, छोटी पण जास्त खडी. तिथं तर मी नेहमीच ढकलत जायचो. त्या दिवशी कसं कुणास ठाऊक, पाय न टेकता वर पोहोचलो. छाती धडधडत होती. आनंद सांगायला कुणीतरी हवं होतं. मान वर केली तर वाटेच्या मधोमध आबा उभे. पाठ करून नाही, माझ्याकडं तोंड करून.

दोन्ही खांद्यांना झोळ्या, प्रत्येकीत एक नवं कोकरू. आणि पायाशी तिसरं, ओलं, उभं राहायची धडपड करणारं. त्याची मेंढी त्याला चाटत होती.

"तिसरी मेंढी आत्ताच व्याली," ते म्हणाले. "खांदा उचलंना माहा. अन् इथं ठिवलं तर लांडगा न्हेईल."

"तुमी कवापासून उभे?"

"तू याच वाटेनं येनार, ठावं व्हतं." मग सायकलीकडं बघून, "फटफटी असती तर सडकंनं गेला असतास."

मी पाठीवरची सॅक रिकामी केली, डबा आणि पुस्तकं हँडलला बांधली. आबांनी कोकरू सॅकमध्ये घातलं, मुंडकं तेवढं बाहेर. ते ओरडलं तशी मेंढी माझ्या मागच्या चाकाला लागली. मेंढी आपल्या पिल्लाचा आवाज सोडत नाही, आणि कळप पुढच्या मेंढीला सोडत नाही. मी सगळ्यात हलका गेर टाकला आणि मेंढरांच्या चालीनं निघालो. इतकं हळू की तोल सांभाळणंच काम होतं. उतरून चाललो असतो तरी चाललं असतं, पण आबा बघत होते. मला उतरायचं नव्हतं.

पुढच्या एका बारक्या चढावर ते बाजूला आले. "आता कटकट वाजलं ते काय केलं?"

"गेर बदलला."

"अन् म्हनून चढून राहिली व्हय?"

"व्हय आबा."

ते बराच वेळ माझ्या पायांकडं नि साखळीकडं बघत चालले.

गावात शिरलो तेव्हा दिवे लागत होते. पुढं मी, पाठीवर ओरडणारं कोकरू, मागं मेंढी, तिच्या मागं सगळा कळप, शेवटी आबा. हॉटेलासमोर शेजारी बसलेलाच होता.

"अरे वा! आबा, साहेबाला मेंढरं राखायला लावलं का?"

मला वाटलं, आबा मान खाली घालून पुढं जातील. त्यांनी काठी टेकली.

"तुह्या फटफटीला गेर किती?"

"चार. काहून?"

"हिला अठरा हायेत. बराबर अठरा." शेजारी हसायला लागला, तसे आबा म्हणाले, "मोज की येऊन. पुढं दोन चाकं, मागं नऊ. तुही फटफटी वढ्यातून काढून दाव, मंग बोल."

हॉटेलातली दोघं-तिघं खरंच उठून सायकलभोवती जमली. कळप रस्त्यात थांबला होता. आबांनी खांद्यावरच्या झोळ्या उतरवून बाकावर ठेवल्या, आणि कित्येक दिवसांनी आपल्या नेहमीच्या जागेवर बसले.

"दोन चहा सांग," ते मला म्हणाले. "अन् सायकल हितं उजेडात लाव."