पालिश शेवटी

तुमसरच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ती बाई मला एकदाच भेटली. राइस मिलमध्ये कामाला होती; भुवयांवरसुद्धा कोंड्याची धूळ. मिलमागं पडलेलं एक बेवारस कुत्रं तिनं पोत्यात गुंडाळून आणलं होतं. अंगावर केस नाहीत, कानामागच्या जखमेत अळ्या.

मी आमच्या गुबगुबीत कुत्र्याची नखं कापून घ्यायला गेलो होतो. तिच्या कुत्र्याची कातडी मला बघवेना. म्हटलं, "खरजेचा शाम्पू मी घेऊन देतो."

तिनं पदराची गाठ सोडून नोटा पाहिल्या आणि डॉक्टरांनाच सांगितलं, "आधी अळ्या काढा. मंग जंताची गोळी. थोडं सावरलं का पिसाळू नये म्हणून इंजेक्शन."

"आणि केस?" मी विचारलं.

"भाऊ, धानातले गोटे काढल्याबिगर कोणी पालिश मारते का?"

अळ्या निघेपर्यंत तिनं कुत्र्याच्या डोळ्यांवर तळहात धरला होता. तो हात जरासुद्धा हलला नाही.

मग आमचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं, "याला रेबीजची लस दिली ना?"

मी त्याच्या चकचकीत केसांवरून हात काढला आणि म्हटलं, "नखं राहू द्या, आधी ती द्या."