ढब्बी म्हैस आणि माझं वाकडं तोंड

"शीळ वाजवा," डॉक्टर म्हणाले.

"इश्श! आमच्याकडे बायका शीळ वाजवत नाहीत हो," मी म्हटलं. ते हसले नाहीत. गाल फुगवा म्हणाले, दात दाखवा म्हणाले, कपाळाला आठ्या घाला म्हणाले. आठ्या घालण्यात मी एरवी पटाईत, पण त्या दिवशी उजव्या बाजूला एकही सुरकुती उमटेना.

"बेल्स पाल्सी," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातून अरुंद वाटेने येते. ती सुजली की त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. हा मेंदूचा झटका नाही. बहुतेक माणसं बरी होतात. घाबरू नका."

घाबरू नका म्हणे! त्यांच्या तोंडातून चहा गळला असता म्हणजे कळलं असतं.

सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून सरळ पदरावर आलं होतं. मग आंघोळीला डोळ्यात साबण गेला, कारण डोळा मिटतच नव्हता. सासूबाई मालवणच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "तोंडावरसून वारो गेलो गो तुझ्या!" शेजारच्या पोटुशी सुनेला तिच्या घरच्यांनी सांगून टाकलं, हिचं तोंड बघू नकोस. दार लावायचा आवाज मला ऐकू आला.

तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर एवढं ऐका. अंगारे-धुपारे नंतर करा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झटका आहे की नस, हे त्यांनाच ठरवू द्या. आणि डोळा सांभाळा. तो मिटत नाही, म्हणजे कोरडा पडतो, कचरा जातो. मी दिवसा थेंब घालायची आणि झोपताना पट्टी बांधायची.

गोळ्या झाल्या, मग आठवड्यातून तीनदा मुलुंडच्या दवाखान्यात फिजिओथेरपी. म्हणजे नसांना आणि स्नायूंना कामाला लावायचं. गालाला शेक, मग बारीक करंट. बाकावर माझ्यासारख्या आणखी दोघी असायच्या, दोघींच्या तोंडावर पदर. मी नाही घेतला. मी काय चोरी केली होती?

खरं दुखणं निराळंच होतं. मी भांडुपला महिला मंडळाच्या बालवाडीत शिकवायची. पत्र्याची खोली, गिरणी कामगारांची सव्वीस पोरं. रोज शेवटचा अर्धा तास चित्रांचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, हा माझा जीव की प्राण. विकतची दोन पुस्तकं पोरांनी पार चिंध्या करून टाकली, म्हणून तिसरं मीच काढलं होतं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, खडूंनी. त्यात आरे कॉलनीच्या गोठ्यातून पळालेली ढब्बी म्हैस होती. ती बसमध्ये चढते, कंडक्टर तिकीट मागतो. ती रवंथ करत म्हणते, "थांबा, माझ्या तोंडात घास आहे!" हवालदार विचारतो, तेच उत्तर. मंत्री हार घालायला येतात, तेच उत्तर. ते वाक्य आलं की पोरं हसून पत्रे हलवायची.

चौथ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरी कुसुमताई घरी आल्या. गोड बोलल्या. "मुलं घाबरतील हो. तोंड सरळ झालं की या. तोवर दुसऱ्या बाई बघतील." दुसऱ्या बाई एकदा बसल्या की मला कोण उठून जागा देणार? आणि तोंड सरळ झालंच नाही तर? त्या गेल्यावर मी खूप रडले. रडतानाही एकच बाजू रडते, तेव्हा राग आला. असा राग आला की दुसऱ्या दिवशी साडी नेसून सरळ बालवाडीत जाऊन बसले.

खोटं सांगत नाही, पहिल्यांदा पोरं घाबरलीच. बेबी नावाची साडेतीन वर्षांची पोर तर भोकाड पसरून दाराकडे पळाली. दारात कुसुमताई उभ्या, बघा मी म्हटलं नव्हतं, असा चेहरा करून. पण उठले असते तर कायमची उठले असते. मी ढब्बी उघडली.

कंडक्टर आला. माझं तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा गाल लोंबतोय, शब्द अर्धवट बाहेर पडताहेत. "थांबा, माझ्या तोंडात घास आहे!" मग बेबी दारातून ओरडली, "ए, ढब्बी आली!" आणि काय सांगू, पोरं लोळली अक्षरशः. सगळ्यांनी जबडे डावीकडे सरकवले आणि रवंथ सुरू केला. मी पण हसले, अर्ध्या तोंडाने, पोटभर.

नंतर आया तक्रार घेऊन आल्या, पोरं घरी जेवताना तोंडं वाकडी करतात. "करू देत," मी म्हटलं, "घास तरी चावतात." कुसुमताईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली. मी दोनदा घडी करून पुस्तकाखाली ठेवली. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "आरशासमोर करता तेच व्यायाम तुम्ही पोरांसमोर करताय. चालू ठेवा." गाल फुगवा, भुवया चढवा, दात दाखवा, सगळं ढब्बीत होतंच.

अडीच महिन्यांनी तोंड जाग्यावर आलं. दमले की उजवा कोपरा अजून जरा खाली येतो, येऊ दे. उपकार मानायचे तर त्या डॉक्टरांचे आणि सव्वीस पोरांचे. पूर्वी फोटो काढताना मी मान वळवायची, पदर सावरायची. आता समोर बघते.

कुसुमताई पेढे घेऊन बालवाडीत आल्या. "बघा मुलांनो, आपल्या बाई बऱ्या झाल्या! आता कशा छान दिसतात!" मी पुस्तक उघडलं आणि सरळ तोंडाने, स्वच्छ वाचलं, "थांबा, माझ्या तोंडात घास आहे!"

कुणी हसलं नाही. बेबी उठून माझ्यापाशी आली. "बाई, असं नाय. ही ढब्बी नाय." तिने माझा गाल चिमटीत धरून डावीकडे ओढला. "असं."

कुसुमताई पेढ्यांचा पुडा धरून तशाच उभ्या. मी चटईवर सरकून जागा केली.

"बसा ताई," मी म्हटलं. "पण आधी तोंड वाकडं करा. त्याशिवाय इथे गोष्ट सुरू होत नाही."