लांबेभाऊ आरमोरी पाहायला गेले

लांबेभाऊंना पाण्याला नाही म्हणता येत नसे. त्याला कारण आमच्या केंद्रातली स्वयंपाकीण पार्बताबाई. डेन्मार्कहून हा ताडमाड उंच, म्हणूनच लांबेभाऊ झालेला स्वयंसेवक आला त्याच आठवड्यात तिनं त्यांना बजावलं, "भाऊ, कोनाच्या घरी गेले तं पान्याले नाई म्हनू नोका. पान्याले नाई म्हनलं तं घराले नाई म्हनल्यावानी होते." आपण असलं ऐकतो आणि सोयीनं विसरतो. त्यांच्या देशात म्हणे रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यापुढे माणूस उभा राहतो. हा नियमही त्यांनी तसाच पाळला. एकदा न्हाव्यानं दाढीसाठी वाटीत पाणी पुढे ठेवलं, तर तेही नमस्कार करून पिऊन टाकलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं कुष्ठरोग केंद्र आरमोरीपासून सायकलच्या अंतरावर. मी तिथे मलमपट्टी करायचो आणि लांबेभाऊ बधिर पायांसाठी मऊ तळाच्या चपला शिवायचे. त्यांची मराठी सगळी पार्बताबाईच्या चुलीपाशी शिकलेली. पुण्याहून आलेल्या आमच्या डॉक्टरांना ते काळजीनं विचारायचे, "तुमी काऊन जेवले नाई?" डॉक्टर हसू दाबत पानावर बसायचे.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी सुट्टी मागितली. "एकटा जातो. बजार पाहतो, वैनगंगा पाहतो. हरवलो तं लोकायले विचारतो." डॉक्टरांनी हो म्हटलं आणि गुपचूप मला मागे धाडलं. लपतछपत जाण्याचा माझा बेत पहिल्या वळणावरच फसला. भेटेल तो मला थांबवून सांगे, "तुमचे लांबेभाऊ समोर चालून राह्यले, जोरानं हाना सायकल."

बाजार राहिला, नदीही राहिली. गावात शिरताच शिंप्यानं पाणी दिलं, मागोमाग चहा. गिरणीवाल्यानं ताक पाजलं. सोनारानं बेलाचं सरबत केलं, त्याच्या शेजाऱ्याला ते सहन झालं नाही म्हणून त्यानं उसाचा रस मागवला. दुपार टळली तरी लांबेभाऊ पहिल्याच गल्लीत होते आणि गाव फार मोठं आहे असं मला सांगत होते.

त्याच गल्लीच्या टोकाला कौसल्याबाईच्या भावाचं घर. ही आमच्याकडून पूर्ण बरी होऊन गेलेली बाई. दोन बोटं तेवढी वाकडी राहिली होती. भावानं तिला घरी आणलं खरं, पण गोठ्याशेजारी वेगळी खाट, वेगळी घागर, वेगळा गडवा. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यात भाचीचं लग्न जुळवायचं होतं, म्हणून तू केंद्रातच परत जा, असं भाऊ म्हणू लागला होता. तिला आपल्या माणसांत राहायचं होतं. आठवड्यापूर्वीच ती माझ्यापाशी येऊन रडली होती.

गोठ्याच्या दारात लांबेभाऊंना स्वतः शिवलेल्या चपला दिसल्या. ते सरळ आत जाऊन जमिनीवर बसले. पाणी काही येईना. कुंपणाशी माणसं जमली. शेवटी तेच हिरमुसून म्हणाले, "बाई, माझं काई चुकलं काय? पानी नाई देत."

"माह्या हातचं पेता भाऊ? इथी तं गाव पाहून राह्यलं."

त्यांनी हात पुढे केला आणि सगळ्या गल्लीदेखत तो वेगळा गडवा घटाघटा रिकामा केला.

संध्याकाळी त्यांचं पोट बिघडलं. ताक, सरबत आणि उसाचा रस यांचं पोटात जे व्हायचं तेच झालं. पण सकाळी दूधवाला आला तो सांगत, की कौसल्याबाईचं पाणी बाधलं आणि गोरा मरायला टेकला. आरमोरीत पराचा कावळा झाला होता. भाऊ तिला केंद्रात सोडायला बैलगाडी जुंपत होता. लांबेभाऊ खाटेवरून उठले आणि मला म्हणाले, "सायकल काढ."

कॅरिअरवर बसले तर त्यांचे पाय रस्त्याला घासत. वाटेतलं एकेक झुडूप त्यांनी जवळून पाहिलं. आदल्या दिवशी राहिलेलं निसर्गदर्शन असं वसूल झालं.

दारात गाडी उभी होती, तिच्यावर गाठोडं आणि पालथी घातलेली ती घागर. पिवळेफटक पडलेले लांबेभाऊ ओसरीवर टेकले. "बाई, पानी द्या."

कौसल्याबाईनं मान हलवली. "नाई देत भाऊ. काल देलं तं तुमचं असं झालं." तिलाही ते पटलं होतं, याचंच मला फार वाईट वाटलं.

"कालचं ताक खराब होतं. तुमचं पानी चांगलं होतं."

गर्दीतला गिरणीवाला मुकाट्यानं घरी गेला. भाऊ बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग बहिणीकडे न पाहताच म्हणाला, "घागर तं रिकामी हाय बाई. आतल्या माठातलं दे."

वहिनी दारातून बाजूला सरकली. कौसल्याबाई आत गेली आणि माठातलं पाणी घेऊन आली. लांबेभाऊ ते सावकाश प्यायले, सगळ्यांना दिसेल असे थोडा वेळ ताठ बसले, आणि मग हळूच मला विचारलं, मागे शेत कुठी आहे.

बैल सोडले गेले. त्या पावसाळ्याआधी लांबेभाऊ मायदेशी परतले. वैनगंगा त्यांनी पाहिली ती नागपूरच्या बसमधून, पुलावरून. इतका भोळा आणि इतका हट्टी माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्यांची आठवण अजून येते, आणि हसता हसता डोळे भरतात.

पुढच्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न लागलं. मी पंक्तीत होतो. पाणी वाढायला कौसल्याबाई होती. माझ्या शेजारच्या पाहुण्यानं तिची बोटं पाहिली आणि तो पान सोडून उठला. ती तांब्या धरून तशीच थांबली. वऱ्हाड जेवल्याशिवाय मुलीच्या बापानं पानावर बसू नये, अशी आमच्याकडे रीत. भावानं हातातली बुंदीची परात खाली ठेवली, त्या रिकाम्या जागेवर मांडी घातली आणि पेला पुढे केला. "बाई, मले वाढ."