‘कळवतो’चा अर्थ सांगणारी अक्का

आमच्या भालकीतल्या गल्लीत मुलाकडच्यांचा निरोप आला की तो आधी अक्काला ऐकवायची पद्धत होती. मुलगी पाहून गेलेले लोक तोंडावर नकार देत नाहीत. त्यांच्या गोड बोलण्यातला नकार अक्का अचूक निवडून काढायची, तांदळातला खडा काढावा तसा.

तिचे यजमान उर्दू शाळेत मास्तर होते. शब्द आला कुठून, हे विचारायची खोड तिला त्यांच्यामुळेच लागली. ‘मोघम’ हा ‘मुबहम’वरून आला, म्हणजे ज्यात काहीच उघड नाही असा, हे मला तिनंच सांगितलं. वर म्हणाली, "मोघम बोलणाऱ्याचं अजून ठरलेलं नसतंय, त्याच्यावर रागवू नये. सारवासारव करणाऱ्यावर ध्यान ठेवावं. जमीन उखडल्याबिगर कोण सारवतंय?" पंडितांना हे कितपत पटलं असतं, कोण जाणे. गल्लीला पटायचं.

माझ्या वेळी उदगीरचे लोक पाहून गेले. "घराचं काम काढलंय, कळवतो," असा फोन आला. महिन्यानं दुसरा, थोरल्या काकांना विचारायचंय. मग तिसरा. वडील म्हणाले, "चालढकल करायलेत, थांबू." मुलगा मला आवडला होता, त्यामुळे मीही थांबायला एका पायावर तयार.

अक्का म्हणाली, "ही चालढकल न्हाई. ढकललेलं जरा तरी पुढं सरकतंय. ही टोलवाटोलवी हाय. विटी परत यावी म्हणून कोण टोला मारतंय व्हय?"

वडील ऐकेनात. वर्ष गेलं, दुसरी दोन चांगली स्थळं हातची गेली. शेवटी अक्का एकटीच सकाळच्या बसनं उदगीरला जाऊन आली. दारातूनच मला म्हणाली, "न्हाई म्हणाले. आता रडून घे." मी रडले. राग मात्र त्यांचा नाही, तिचा आला. तो जायला दोन महिने लागले.

पुढे गुडघे गेले, तशी ती ठाणाकुशनूरला लेकीकडे राहायला गेली. मी भालकीतच शाळेत शिकवत होते. मागच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. "ह्या सुट्टीत येतीस का पोरी?"

"बघते अक्का, शाळेचं काम आहे," मी म्हटलं.

"न्हाई म्हण की. मला राग येत न्हाई."

मी नाही म्हटलं नाही. मला खरंच जायचं होतं.

दिवाळीआधी ती वारली. तिसऱ्या दिवशी मी पोहोचले. लेकीनं पाणी दिलं आणि म्हणाली, "भालकीची बस यायची वेळ झाली की आई दारात येऊन बसायची. मी म्हणायचे, कामून बसायलीस, कुणी येत न्हाई. तर म्हणायची, तिनं अजून न्हाई म्हटलं न्हाई."