दैवशालाची साक्ष

दैवशाला खोटं बोलणारी बाई नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की बाई लबाड होती. उलट ती जरा कमी खरी असती तर तिच्या पोरीचा हात वाचला असता, असं मला वाटतं आणि मग माझाच मला राग येतो.

मी गिरिजाबाई. जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, म्हणून वडीगोद्रीत मला सगळे सिस्टर म्हणतात. सासर इथलं, तेव्हा रिटायर झाल्यावर इथंच येऊन राहिले. आम्ही जुन्या मिशनची माणसं. आमच्या चर्चमध्ये कुणी टाळी वाजवली तर पुढच्या बाकावरचे लोक वळून बघतात. इथली मंडळी मात्र हायवेच्या दुकानांमागं पत्र्याच्या हॉलमध्ये जमते, ढोलकी, टाळ्या, माइक सगळं असतं आणि उपासना तीन-तीन तास चालते. पहिल्या रविवारी माझं डोकं उठलं होतं. पण दुसरं चर्च गाठायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि खरं सांगायचं तर ही माणसं मनापासून रडतात, मनापासून हसतात. मला सवय झाली.

तिथं दर रविवारी साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आठवडाभरात काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या जावयाची दारू सुटली. सांगून झालं की सगळे "आमेन" म्हणतात, आणि ती व्यक्ती बसताना दोन इंच उंच झालेली असते.

दैवशाला अप्पारावच्या ढाब्यावर भाकरी थापते. नवरा भारत काविळीनं गेला तेव्हा पोरगी, प्रीती, नऊ वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिला फिट येऊ लागल्या. शाळेत, नळावर, पंगतीत, कुठंही पडायची. तोंडाला फेस यायचा, पोरं पळून जायची. शेवटी शाळा सुटली. दैवशाला तिला घेऊन हॉलमध्ये आली ती अशी, सगळे उपाय करून थकल्यावर. पास्टर राजानंद यांनी डोक्यावर तेल लावून प्रार्थना केली. तरुण माणूस, घनसावंगीकडचा, मनाचा चांगला. मी मात्र उपासना संपल्यावर दैवशालाला बाजूला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघींना जालन्याला डॉक्टरांकडं नेलं. सकाळ-संध्याकाळची गोळी सुरू झाली. हळूहळू फिट कमी झाल्या, आणि मग बंदच झाल्या. अडीच वर्षं एकही नाही. प्रीती शिवणकाम शिकली, एकोणिसाव्या वर्षी तिच्याकडं ब्लाऊज शिवायला बायका रांग लावायच्या. बाह्या ती फार सुरेख बसवायची.

दैवशालानं पहिली साक्ष दिली तेव्हा ती बरोबर होती. "पास्टरनी प्रार्थना केली, सिस्टरनी दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू हायेत अन् देवानं माझ्या लेकीची फिट थांबवली." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, जरा हळू.

मग कुंभार पिंपळगावला मोठी सभा झाली. दोनशे माणूस, मांडव, स्पीकर. साक्ष देणारे खूप, वेळ थोडा. पास्टर म्हणाले, "ताई, थोडक्यात सांगा." थोडक्यात सांगताना गोळ्या गळाल्या. कुणी मुद्दाम गाळल्या नाहीत, मी तिथंच होते. "माझी लेक मरत होती, प्रार्थना केली, फिट थांबली." एवढंच. अख्खा मांडव उठून उभा राहिला. एक म्हातारी दैवशालाच्या पाया पडायला आली.

त्यानंतर तिला गावोगाव बोलावणं येऊ लागलं. कुणीतरी ओळख करून देताना म्हणायचं, डॉक्टरांनी हात टेकले होते. कुणी म्हणायचं, एकाही गोळीशिवाय बरी झाली. दैवशाला खाली बघत उभी राहायची. मला ते खटकत होतं. एकदा मी तिला विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना गं?" ती म्हणाली, "हायेत, सिस्टर." मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि परत विचारलं नाही. एकतीस वर्षं नर्स असलेल्या बाईनं परत विचारायला हवं होतं.

पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून. तिला रात्रंदिवस एकच बोचत होतं, की आपण देवाच्या नावावर खोटं बोलतोय. लोक म्हणतात गोळीशिवाय बरी झाली, आणि घरी डब्यात गोळ्या आहेत. पुढच्या सभेत उभं राहून खरं सांगायचं, हा एक रस्ता होता. पण तसं केलं तर ज्या बायका आपलं ऐकून प्रार्थनेला लागल्या त्या मागं फिरतील, देवाचं नाव खाली जाईल, अशी तिला भीती वाटली. मग तिला दुसरा रस्ता सुचला. साक्ष बदलायची नाही, साक्ष खरी करायची.

तिनं गोळ्या बंद केल्या.

"प्रीतीनं विचारल्तं मला," ती म्हणाली. "आई, गोळी कुठंय? मी म्हन्ले, आता गरज न्हाई बाई आपल्याला. आईवर भरवसा ठेवला तिनं."

आठवडा गेला, महिना गेला. काहीच झालं नाही, तेव्हा दैवशालाला वाटलं की देवानं आपली लाज राखली. एका शनिवारी दुपारी ढाब्यावर गर्दी होती, प्रीती आईच्या मदतीला गेली. चुलीसमोर बसली आणि तिथंच फिट आली. उजवा हात तापल्या तव्यावर गेला आणि तिच्या अंगाखाली दबून राहिला. दैवशाला पाण्याला मागं गेली होती. ती येईपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

सात आठवडे जालन्याला होत्या दोघी. मी दर दोन दिवसांनी जायचे. भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, आणि तरी प्रीतीचं ओरडणं मला ऐकवत नसे. आईला आत सोडत नसत. दैवशाला दाराबाहेर पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहायची आणि मधेच तो काढून म्हणायची, "बापा, मला आत जाऊ देत न्हाईत. तू जा. तू तरी जा." रोज हीच प्रार्थना, दुसरी नाही.

मी एक दिवस चिडून म्हटलं, "अगं, एवढं होऊनही तू त्यालाच हाका मारतेस?"

ती म्हणाली, "भारत गेला तवा आठ दिवस म्या देवाशी बोलणं सोडल्तं, सिस्टर. भारत नव्हता त्याचं दुःख होतंच. पण त्या आठ दिवसांत जे भ्या वाटलं ना, तसं कधीच वाटलं न्हाई. परत तिकडं न्हाई जायचं मला."

माझा देव चांगल्या दिवसांचा, पंख्याखाली बसून स्तोत्रं म्हणण्याचा. मला तिचा हेवा वाटला आणि तिची कीवही आली.

प्रीती घरी आली. मांडीची कातडी काढून हाताला लावली होती, पण तीन बोटं आत वळली ती वळलीच. कात्री धरता येत नाही. बायका ब्लाऊजची कापडं परत घेऊन गेल्या. प्रीती आईशी कामापुरतं बोलते. एकदाच ती माझ्यासमोर म्हणाली, "तुला माझ्यापेक्षा साक्ष जास्त लाडकी होती, आई." दैवशालानं नाही म्हटलं नाही. तिनं भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच परत घासत बसली.

मंडळीत काय चाललं होतं ते मला दिसत होतं. समोर सगळे प्रार्थना करायचे. मागं कुजबुज, की घरात काहीतरी पाप लपलं असेल, नाहीतर विश्वास कमी पडला असेल. प्रीती बरी झाल्याची साक्ष गावोगाव पोहोचली होती. पोरगी भाजल्याची बातमी मात्र कुणी माइकवर सांगितली नाही. पास्टरही म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या, मंग बघू." मला त्यांचा राग आला. पण ते वाईट नव्हते, घाबरले होते.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दैवशाला उपासनेला आली, प्रीतीला घेऊन. दोघी अगदी मागं, दाराजवळ बसल्या. साक्षीची वेळ झाली. कुंभार पिंपळगावची कौसल्या उठली. कडेवर पाच वर्षांची आकांक्षा. ही पोरगी पण फिटची, मला माहीत होतं. कौसल्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"मांडवात दैवशालाताईची साक्ष ऐकल्ती मी," ती म्हणाली. "तवापासून मनात होतं, पण धीर होत नव्हता. बारा दिवस झाले, मी पोरीच्या गोळ्या बंद केल्या. एक बी फिट न्हाई. देवाची स्तुती असो!"

"आमेन!" सगळा हॉल गरजला. ढोलकीवर थाप पडली, गाणं सुरू झालं. कौसल्याला प्रीती भाजल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी पुढं जायला उठले, पण गुडघे दुखतात, मला वेळ लागतो. तोवर दैवशाला उभी होती.

"गाणं थांबवा," ती म्हणाली.

पास्टर म्हणाले, "ताई, नंतर बोलू ना आपण."

"न्हाई, आता. जल्दी सांगते, थोडक्यात." तिनं कौसल्याकडं बघितलं. "मांडवात म्या सांगितलं ते अर्धं होतं. गोळ्या चालू होत्या माझ्या पोरीच्या, म्हणून फिट थांबल्ती. मी ते सांगितलं न्हाई. मंग मला लाज वाटली म्हणून गोळ्या बंद केल्या. ही बघ माझी लेक."

प्रीतीनं मान खाली घातली होती. पण तिनं हात ओढणीतून बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. आईनं सांगितलं नव्हतं.

कुणीही आमेन म्हणालं नाही. पहिल्यांदा कौसल्याच बोलली, आणि तिचा आवाज चढला होता. "तुमचा विश्वास कमी पडला असंल, बाई. माझा न्हाई पडणार."

"असंल," दैवशाला म्हणाली. "माझा कमीच असंल."

कौसल्या पोरीला घेऊन तडक बाहेर पडली. दैवशाला तिच्या मागं, चपला न घालता. मी आणि प्रीती त्यांच्या मागं. हायवेच्या कडेला जीप उभी राहते तिथं कौसल्या थांबली होती, उन्हात, पोरीच्या डोक्यावर पदर धरून. ती रडत होती. दैवशाला दोन हात अंतरावर उभी राहिली. जवळ गेली नाही.

"इतकी प्रार्थना केली तुम्ही," कौसल्या म्हणाली. "म्हणजी देवानं तुमचं ऐकलंच न्हाई?"

मला वाटलं, आता दैवशाला काहीतरी धीराचं बोलेल, मंडळीत शिकवतात तसं. ती रस्त्याकडं बघत होती.

"न्हाई ऐकलं," ती म्हणाली. "अजून बी त्याच्याकडं मागून राह्यले मी. तू पोरीला गोळी दे."

एक ट्रक गेला, धूळ उडाली. धूळ बसल्यावर कौसल्यानं पिशवीत हात घातला. गोळ्यांची पट्टी तिथंच होती. तिनं ती फेकली नव्हती, बारा दिवस रोज बरोबर घेऊन हिंडत होती.