माघारी मॅडम

आमच्या शहाद्याच्या कॉलेजात प्रत्येक सर आपापल्या विषयाला पोरं ओढायचे. बायोच्या मॅडम मात्र आपल्याच वर्गातून पोरं बाहेर काढायच्या. अकरावीचे प्रवेश झाले की दरवर्षी दोघं-तिघं तरी त्यांच्या सांगण्यावरून बायो सोडत. निवडणुकीत अर्ज मागे घेतात ना, तसं. म्हणून त्यांचं नाव पडलं माघारी मॅडम. ते त्यांना ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

शिकवताना त्या पुस्तकी मराठी बोलत, पण जिवाभावाचं सांगायचं असलं की अहिराणीवर येत. "जबरीना इषय आन जबरीना जावई, दोन्ही नांदतस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशानं तुमचा वर्ग ओस पडेल, असं स्टाफरूममधले सर चिडवायचे. मॅडम हसायच्या आणि उरलेल्या पोरांना दुप्पट जीव लावायच्या.

मी गणित आणि बायो दोन्ही घेतलेल्यांतली. घेतलेल्यांतली कसली, बायो घ्यायला लावलेल्यांतली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या गावी सारंगखेड्याला नवं घर बांधलं तेव्हा मी अजून शाळेत होते, आणि तेव्हाच त्यांनी रस्त्याच्या बाजूला वेगळ्या दाराची एक खोली काढली. तो माझा दवाखाना. बाहेर पेशंटना बसायला ओटासुद्धा. मी दहावी व्हायच्या आधीच गावातले म्हातारे मला वाटेत थांबवून गुडघेदुखी सांगू लागले. अशा घरात डॉक्टर व्हायचं नाही हे बोलायचं कसं? बायोचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर ते मिटावंसं वाटायचं, आणि पुस्तक तर रोज उघडावं लागे.

मॅडमना ते कांद्यामुळे कळलं. प्रॅक्टिकलला कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली बघून पेशी काढायच्या होत्या. मी त्या पट्टी लावून काढल्या. मॅडमनी चित्र वर धरलं.

"पोरी, हाऊ कांदा शे का इटास्नी भित?"

विटांच्या भिंतीवर वर्ग हसला, मीही हसले. पुढच्या खेपेला त्यांनी मला पकडलं ते मायक्रोस्कोपचा ढिला स्क्रू खोलून नीट बसवताना. पापुद्रा बाजूला तसाच वाळून गेला होता. त्या रागावल्या नाहीत. घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं.

मग आमच्या गावची घोड्यांची यात्रा भरली. यात्रेत दारी आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, आणि ताटावर बसलेल्या पाहुण्याला कोणी उलट बोलत नाही. मॅडमनी नेमका तोच मुहूर्त साधला. अप्पांना घोड्यांची पारख, चाल बघूनच ते किंमत सांगत, म्हणून घेणारे लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. मॅडम सकाळभर त्यांच्यामागे घोडे बघत हिंडल्या आणि दुपारी आमच्याकडे भरीत आणि कळण्याची भाकरी खायला बसल्या. माझी गोष्ट त्यांनी दुसऱ्या भाकरीला काढली.

"भाऊ, घोडानी चाल दख्याबिगर तुम्ही मोल करतस नही. पोरनी चाल कधी दखी का?"

मग त्यांनी कांदा आणि स्क्रू दोन्ही सांगितलं. अप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. आता दवाखान्याचं काय म्हणून विचारतील, अशी मला भीती वाटली. पण त्यांनी विचारलं ते आजवर मला कोणीच विचारलं नव्हतं.

"तुले काय लेवानं शे, माय?"

"गणित. बायो नही, अप्पा."

मग इतके दिवस बोलली का नाहीस, असं ते पुटपुटले, आणि मॅडमना आणखी भरीत वाढायला आईला सांगितलं. बारावीला बायोऐवजी भूगोल घ्यायचं तिथंच ठरलं. मी मोरीत जाऊन पोटभर रडले. छातीवरचा दगड उतरला की माणूस हसतो म्हणतात, मला तर रडूच आलं.

मी आता इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला गेले, तर अर्धा हॉल त्यांनी माघारी पाठवलेल्यांनीच भरला होता. सगळे आपापल्या कामात सुखी दिसत होते, आणि मॅडम प्रत्येकाला अजून नावानं हाक मारत होत्या.

मला मात्र त्या आठवतात त्या बारावीच्या पहिल्या दिवशीच्या. सवयीनं माझे पाय बायोच्या वर्गाकडे वळले, तर त्या दारातच आडव्या उभ्या, बोट भूगोलाच्या वर्गाकडे.

"तुन्हा वर्ग तठे शे. जाय, उशीर हुई ऱ्हायना."

आणि त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. त्या बंद दारासमोर मला जितकं हलकं वाटलं, तितकं पुन्हा कधीच वाटलं नाही.